बी डिव्हिजनचा हिवाळा

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या बाल्कनीतून समोरची सोसायटी नाहीशी होते. आधी तिच्या पाण्याच्या टाक्या जातात, मग वरचे मजले, आणि शेवटी तळमजल्यावरचा वॉचमन आणि त्याची शेगडी तेवढी उरते. विमानं डोक्यावरून जातात ती दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. द्वारकेत राहायला आलो तेव्हापासून हे धुकं दर वर्षी येतं, आणि दर वर्षी माझा उजवा गुडघा त्याला ओळख दाखवतो.

यंदा धुकं आलं त्याच आठवड्यात निनादचा फोन आला. निनाद आमचा मुलगा. दिल्लीत वाढला, त्यामुळे त्याच्या मराठीतून फडताळ, उंबरठा, ओसरी असे शब्द कधीच गळून गेले आणि त्यांच्या जागी 'यार' आला. सध्या अमेरिकेतल्या एका मधल्याशा शहरात नोकरी करतो आणि तिथल्या मधल्याशा सॉकर क्लबवर जीव टाकतो.

"बाबा, तुमचं एक स्टेटमेंट पाहिजे," तो म्हणाला. "आमच्या फॅन क्लबच्या अंकासाठी. प्रमोशन-रेलिगेशनवर."

"मी काय सांगणार? मी तर तुमचं सॉकर बघतही नाही."

"अरे यार बाबा, माझ्या ओळखीत खरोखर रेलिगेट झालेला एकच माणूस आहे. तो म्हणजे तुम्ही."

माणसाची कीर्ती सातासमुद्रापार कशी पोचते बघा.

मग त्याने मला समजावून सांगितलं. त्याचा क्लब दुसऱ्या पायरीवर आहे. कितीही जिंकला तरी तिथेच राहणार. वरच्या लीगमध्ये जे संघ आहेत ते मोठी रक्कम भरून आत आलेले. त्यातला शेवटून पहिला आला तरी पुढच्या वर्षी तिथेच. इंग्लंडात आणि बाकी जगात असं नसतं. तिथे वरच्यातले तळाचे खाली जातात आणि खालच्यातले पहिले वर येतात. अमेरिकेतही तसं करावं की नाही यावर तिथे लोक वर्षानुवर्षं भांडतायत, आणि निनाद त्यात कमरेपर्यंत उतरलेला आहे.

मी ऐकत होतो आणि मला हसू येत होतं. एकदा आत शिरलं की कुणी हलवू शकत नाही, काम कसंही करा, जागा आपली. हे तर आमचं मंत्रालय झालं. ज्या अमेरिकेचं नाव घेऊन आम्हाला त्या वर्षांत सगळे शहाणपण शिकवत होते, की स्पर्धा करा, जागे व्हा, जग बदललंय, त्या अमेरिकेने आपला फुटबॉल मात्र केंद्र सरकारच्या सेवाशर्तींवर चालवलेला निघाला.

त्या वर्षांत म्हणजे नव्वदचं दशक सरताना. द्वारकेत रस्ते आधी आले आणि दिवे नंतर. मेट्रोचं नावही नव्हतं. आमच्या सोसायटीचं नाव कोयना. बहुतेक घरं महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या सरकारी नोकरांची. पाणी टँकरने यायचं, भाजी दोन किलोमीटरवर, आणि बाकी सगळीकडे कीकरची काटेरी झुडपं. सकाळी चार्टर्ड बस आम्हाला गोळा करून कचेरीत सोडायची, संध्याकाळी परत आणायची. घरी केबल आली होती आणि तिच्यावर इंग्लंडचे फुटबॉल सामने. आम्ही तिशी-चाळिशीतले बाप ते बघून इतके पेटलो, की दिवाळीनंतर दर रविवारी सोसायट्यांची सात-सात जणांची लीग सुरू झाली. मी डावीकडचा बचावपटू. बॉल सहसा जिथे येत नाही अशी जागा आमच्या कॅप्टननी माझ्यासाठी शोधून काढली होती.

कॅप्टन म्हणजे लोपीस साहेब. वसईचे, टपाल खात्याच्या हिशेब विभागात. आमच्यात सगळ्यात वडील, गोलकीपरही तेच, आणि पुढच्या जूनमध्ये निवृत्त होऊन वसईला परत जायचे होते. मी सांगतोय तो त्यांचा दिल्लीतला शेवटचा हिवाळा. गुडघे दोन्ही गेलेले. बॉल डावीकडे आला तर ते डावीकडे बघायचे, उजवीकडे आला तर उजवीकडे. उडी मारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

नवनव्या सोसायट्या भरत गेल्या, सेक्टरच्या मार्केटातल्या लोकांनी, टँकरच्या ड्रायव्हरांनीसुद्धा टीम काढल्या, आणि एका लीगमध्ये सगळे मावेनात. तेव्हा सतीश इनामदार उभा राहिला. पुण्याचा, गुडगावात नव्यानेच आलेल्या एका परदेशी कंपनीत. आमच्या टीमचा एकमेव खासगी क्षेत्रातला माणूस.

"दोन डिव्हिजन करा," तो म्हणाला. "ए आणि बी. नाताळपर्यंत पहिला राउंड. ए मधला शेवटचा खाली, बी मधला पहिला वर. संक्रांतीनंतर दुसरा राउंड. पडायची भीती असल्याशिवाय माणूस पळत नाही, साहेब. आमच्याकडे दर वर्षी तळाच्या लोकांना नारळ देतात. सगळे कसे पळतात बघा."

"तुमच्याकडे पळतात, आमच्याकडे बसतात," लोपीस म्हणाले. "पण पगार दोघांचा एक तारखेलाच होतो ना?"

ठराव मंजूर झाला. ए डिव्हिजनला शाळेचं मैदान मिळालं, हिरवळीचं, जाळ्या लावलेलं, दहा वाजताच्या उन्हात. बी ला कम्युनिटी सेंटरसाठी राखीव असलेला मोकळा प्लॉट, खडे आणि कीकरचे काटे, सकाळी सात वाजता. नियम लिहायचं काम लीगचे सेक्रेटरी भल्लाजींनी घेतलं. ते निवृत्त अवर सचिव. उभी हयात सेवानियम लिहिण्यात गेलेली. त्यांनी पाच पानी नियमावली केली आणि आम्ही सगळ्यांनी डोळे झाकून सह्या केल्या, कारण ती आम्हाला अगदी घरच्यासारखी वाटली.

तिथेच घोळ झाला. वर चढवण्याला त्यांनी पदोन्नती म्हटलं होतं, ते ठीक. पण सरकारात कुणाला खाली आणायचं तर आधी त्याला नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. हे कलम भल्लाजींच्या हातून आपोआपच उमटलं. एखाद्या संघाला खालच्या गटात पाठवण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी देण्यात येईल. फुटबॉलच्या जगात कुठेही असं कलम नसेल. आमच्यापैकी एकालाही त्यात काही विचित्र दिसलं नाही.

नाताळच्या आठवडाभर आधी आम्ही शेवटून पहिले आलो, आणि सोमवारी घरी नोटीस आली. आपल्या संघास बी डिव्हिजनमध्ये का पाठवू नये, याची कारणं सात दिवसांत द्यावीत.

मला सांगायला लाज वाटते, पण त्या नोटिशीने माझ्या अंगात जे बळ संचारलं ते मैदानावर कधी संचारलं नव्हतं. मी उत्तराचा मसुदा लिहायला बसलो. चार पानं, अस्खलित सरकारी इंग्रजी. एक, दहा वाजले तरी न उठलेल्या धुक्यामुळे शेवटच्या सामन्यात आमच्या गोलरक्षकाला बॉल दिसला नाही. दोन, संसदेचं हिवाळी अधिवेशन चालू असल्याने आमचे दोन्ही आक्रमक खेळाडू प्रश्नोत्तरांच्या कामात कचेरीत अडकले होते. राष्ट्रकार्यात गुंतलेल्यांना शिक्षा करणं न्यायाला धरून नाही. तीन, कोयना ही लीगची संस्थापक सदस्य असल्याने ज्येष्ठतेचा विचार व्हावा. चार्टर्ड बसमध्ये मसुदा हातोहात फिरला. एका डायरेक्टर साहेबांनी एक स्वल्पविराम सुचवला. इनामदार सोडून सगळ्या टीमने सह्या केल्या, लोपीसांनीही केली.

"तुम्हाला पटलंय ना?" मी त्यांना विचारलं होतं.

"पटायचं काय त्यात? शेवटचे दोन महिने गवतावर काढावेत एवढंच आहे माझं," ते म्हणाले.

धुक्यात समोरच्या टीमलाही बॉल दिसला नव्हता, हा मुद्दा लीगच्या समितीच्या ध्यानात आला नाही. तिसऱ्या दिवशी भल्लाजींचा आदेश आला, की अंतिम निर्णय होईपर्यंत जैसे थे स्थिती राखावी. म्हणजे आम्ही ए मध्येच. मी घरी पेढे आणले.

माझ्या बायकोने, नीलाने, पेढा हातात घेतला आणि म्हणाली, "अहो, मॅचमध्ये एकदा तरी इतकी मेहनत केली असतीत तर चिठ्ठी लिहावी लागली नसती."

दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊन मी रामऔतारकडे गेलो. रामऔतार आमच्या सेक्टरचा प्रेसवाला. मार्केटच्या कोपऱ्यावर त्याचा ठेला, कोळशाची जड इस्त्री, शेजारी त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालायची. सेक्टरमधला प्रत्येक शर्ट तो कॉलरवरून ओळखायचा. आणि मार्केटच्या टीमचा कॅप्टन तोच होता. ती टीम बी डिव्हिजनमध्ये एकही सामना हरली नव्हती. हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. चार पानं लिहिताना ते एकदाही डोक्यात आलं नाही.

ठेल्यावरच्या तारेवर सात हिरव्या जर्सी टांगलेल्या होत्या. नव्याकोऱ्या. खाली सात पांढऱ्या चड्ड्या, आणि प्रत्येक चड्डीला समोरून सुरीसारखी क्रीज.

"नई बनवाईं?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"बनवाई थीं, साहब. ऊपर जाने वाले थे ना." त्याने माझे शर्ट मोजून घेतले. "सुना है आपकी चिट्ठी बहुत बढ़िया थी। अंग्रेज़ी में थी?"

"हाँ।"

"तभी।"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याची बायको घडी घालता घालता म्हणाली, "हमको तो कोई चिट्ठी आई नहीं।"

"हमको क्यों आएगी?" तो तिला समजावू लागला. "जिसको नीचे जाना हो, उससे पूछते हैं. जो ऊपर आ रहा हो, उससे थोड़े ही पूछते हैं. शाम को दे दूँ, साहब?"

मी चालत घरी आलो. सरकारी नोकरीत मी किती वर्षं नियम वाचले, लिहिले, त्यावर टिपणं केली. पण नियमाची दुसरी बाजू अशी तारेवर टांगलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. खाली पडणाऱ्याचं ऐकून घ्यायला पाच पानांत एक कलम होतं. वर येणाऱ्यासाठी ओळही नव्हती, कारण ती लिहिणाऱ्यांपैकी खालून वर येणारा कुणी नव्हताच. आम्ही सगळे आधीपासून आत होतो.

संध्याकाळी लोपीसांकडे गेलो. नाताळची तयारी चालली होती. जेवणाच्या टेबलावर पिठाच्या गोळ्या मांडलेल्या, आणि लोपीस साहेब चष्मा लावून एकेक गोळी जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबून तिचे कुलकुल, तळायचे गोड शिंपले, वळत होते. मलाही एक काटा मिळाला. वळता वळता मी सगळं सांगितलं.

"कुठल्या रंगाच्या जर्सी?" त्यांनी विचारलं.

"हिरव्या."

"इस्त्री केलेल्या?"

"चड्ड्यांनासुद्धा क्रीज आहे."

ते थांबले. गालात हसले. मग पुढच्या गोळ्या वळत राहिले, आणि त्यांच्या मिसेसनी माझे वाकडे कुलकुल गुपचूप परत वळायला घेतले.

"सावंत," शेवटी ते म्हणाले, "आपण सात मॅच खेळलो. किती जिंकलो?"

"एक. तीही ते लोक आलेच नाहीत म्हणून."

"मग आपण खाली गेलेलो आहोत. ते झालं. आता नुसतं कळवायचं राहिलंय."

"पण तुमचे गुडघे? तो प्लॉट बघितलाय तुम्ही? नुसते खडे आहेत."

"गुडघे माझे आहेत. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलंय." त्यांनी हात पुसले आणि कागद मागितला. त्यांचं पत्र एका ओळीचं होतं. आम्ही हरलो आहोत, सबब आमचं उत्तर मागे घेत आहोत.

भल्लाजी हे पत्र वाचून अस्वस्थ झाले. स्थगिती मिळाल्यावर कुणी आपणहून खाली जायला मागतो, याची तरतूदच नव्हती. "ऐसा तो कोई करता नहीं," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी त्यांनी कागदावर शेरा मारला: विशेष बाब म्हणून मंजूर.

निनादला मी काय लिहिलं ते सांगतो. मी लिहिलं की होय, करा. खालच्याला वर यायची वाट नसेल, तर त्याचं जिंकणं म्हणजे आपापसातली मौज. आणि वरचा खाली जाणारच नसेल, तर त्याचं हरणंही खोटंच. हे लिहून मी नीलाला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, "आणि खाली गेल्यावर ज्यांच्या नोकऱ्या जातात ते? तिकिटं फाडणारे, गवत कापणारे? तुम्हाला रविवारी खेळून सोमवारी ऑफिसला जायचं होतं. तुमचं काय गेलं?"

तिचं बरोबर होतं. निनादनेही कबूल केलं की विरोध करणारे हेच म्हणतात. तिथे क्लब बुडाले की ते बंदच पडतात, देश मोठा, प्रवास मोठा. मालक म्हणतात, पडायची टांगती तलवार असेल तर स्टेडियम बांधायचं कुणी? मला त्या मालकांची कीव नाही, पण गवत कापणाऱ्याची आहे. म्हणून मी आणखी एक परिच्छेद जोडला, आणि तो इनामदारकडून शिकलेला आहे.

त्याच जानेवारीत एका रविवारी इनामदार प्लॉटवर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. माझ्या आधी कुणीतरी मैदानावर आलंय हे नवीन नव्हतं, पण तो इनामदार असणं नवीन होतं. "आता वेळच वेळ आहे," तो म्हणाला. त्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग गुंडाळला होता. जरा वेळाने तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला, "मी उगाच तुलना करत होतो, सावंत. इथे खाली आलो तर पुढच्या रविवारी मॅच आहे. तिथे खालची डिव्हिजनच नाही. एकदम गेटबाहेर." तीन महिन्यांनी त्याला दुसरी नोकरी लागली, पण तोवर तो आमचा सगळ्यात नियमित खेळाडू होता.

तेव्हा मी निनादला लिहिलं, की खाली पाठवा, पण खाली खेळायला जागा असू दे. पायरी उतरवणं वेगळं आणि जिन्यावरून ढकलणं वेगळं. वर राहिलेल्यांनी आपल्यातला वाटा खालच्यांसाठी ठेवावा, म्हणजे गवत कापणारा गवत कापत राहील. एवढी पैशाची अक्कल अमेरिकेला नक्की असणार. त्याने ते जसंच्या तसं छापलं आणि माझ्या नावाखाली 'रेलिगेटेड डिफेंडर, न्यू दिल्ली' असं लिहिलं. माझ्या सबंध नोकरीत इतकं नेमकं पदनाम मला मिळालं नव्हतं.

पण जे त्याला लिहिलं नाही, ते आमच्या पहिल्या बी डिव्हिजनच्या रविवारचं. त्या दिवशीचं दहा वाजताचं आधी सांगून टाकतो. मार्केटची टीम शाळेच्या मैदानावर उतरली आणि आम्ही सगळे बघायला गेलो. चार गोल खाल्ले त्यांनी. चड्ड्यांची क्रीज मध्यंतरापर्यंत टिकली. रामऔतारची बायको गवतावर चपला काढून बसली होती. सामना संपल्यावर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "बहुत तेज़ खेलते हैं, साहब," आणि त्याचा चेहरा असा होता, जणू चार गोल त्यानेच केलेत. ती टीम पुढे तीन हिवाळे ए मध्ये टिकली. आम्ही कधीच परत वर गेलो नाही.

आणि आता सकाळचं. सात वाजले होते, धुकं इतकं की प्लॉटवर कोण आहे ते खोकल्यावरून ओळखायचं. आम्ही खाली मान घालून आलो होतो. वरून आलेल्यांना खालचे काय म्हणतील याची धास्ती होती. निनाद तेव्हा नऊ वर्षांचा, माझ्या मफलरचं टोक धरून चालत होता. समोर टँकर ड्रायव्हरांची टीम. त्यांचा कॅप्टन गुरमीत, उंचापुरा, आमच्याच सोसायटीला पाणी घालणारा. त्याने हात मिळवला आणि विचारलं, "आपके बुज़ुर्ग कौन हैं? गोल में जो खड़े होते हैं?"

लोपीस पुढे झाले. गुरमीत त्यांना एका बाजूच्या गोलपाशी घेऊन गेला. तिथे गोलपोस्ट म्हणजे दोन बांबू. पण त्या दोन बांबूंच्या मधली आणि पुढची जमीन काळी दिसत होती. बाकी सगळा प्लॉट पांढरा, खडबडीत, आणि एवढाच चौकोन ओला, खडे वेचलेला, उकरून सारखा केलेला.

"रामऔतार बोल रहा था, आपके घुटनों में तकलीफ़ है," गुरमीत म्हणाला. "रात के टैंकर में थोड़ा बचा था. डाल दिया."

त्या दिवसांत आमच्या घरात अंघोळीचं पाणी कपडे धुवायला आणि कपड्यांचं पाणी संडासात जायचं. एक बादली म्हणजे काय ते द्वारकेत प्रत्येकाला ठाऊक होतं. लोपीसांनी टाचेने माती दाबून पाहिली. वाकून चिमटीत घेतली. "दूसरी तरफ़ वाला गोल?" त्यांनी विचारलं.

"उधर भी किया है. हाफ़ टाइम के बाद आप उधर जाओगे ना."

टोपी काढून लोपीसांनी ती बांबूवर अडकवली, आणि दोन बांबूंच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

सातव्या की आठव्या मिनिटाला टँकरवाल्यांच्या एकाने माझ्याच बाजूने बॉल आणला, कारण माझी बाजू मोकळी होती. मी त्याच्या मागे पळत होतो, किंवा निदान त्या दिशेने. त्याने जोरात मारला. आणि धुक्यात आम्ही सगळ्यांनी पाहिलं, लोपीस साहेबांनी उडी मारली. पूर्ण, आडवी, हात लांबवून. बॉल त्याआधीच मागे कीकरच्या झुडपात जाऊन पडला होता, पण त्यांनी मारली.

ते ओल्या मातीत कुशीवर पडून राहिले. दोन्ही टीम धावत गेल्या. गुरमीत पहिला पोचला, त्याने त्यांच्या काखेत हात घातला, मी दुसरीकडून धरायला वाकलो.

"थांब रे सावंत," ते म्हणाले. त्यांचा गाल चिखलात होता आणि डोळे मिटलेले. "जरा पडून राहू दे. बरं वाटतंय."

आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे राहिलो, त्यांचं पुरेसं पडून होईपर्यंत.